नक्की डावीकडून?

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा माणूस सलूनवाला वस्ताद होता. तो तोंडात दोन बोटं घालून शिट्टीही मारणार होता, पण शेजारी गणिताच्या बाई बसल्या होत्या. म्हणून ओठांपर्यंत गेलेली बोटं त्याने मिशीवरून फिरवली आणि परत टाळ्यांच्या कामाला लावली.

"कोण हो हा?" टाळ्या न थांबवता त्याने बाईंच्या कानाशी लागून विचारलं. "झाडासाठी दुकान दिलं म्हणे. स्वतःचं!"

फळ्यावरचं चुकलेलं उत्तर आपल्याच अक्षरात दिसावं, तसा बाईंचा चेहरा झाला होता.

"वेडाच असणार," वस्ताद म्हणाला. "पण असतात बुवा अशी माणसं अजून. आपल्याला नसतं जमलं."

व्यासपीठावर महापौरबाईंनी चष्म्याच्या काचा पुसल्या. त्यांना खरंच भरून आलं होतं. "ते इथेच बसले आहेत," त्या म्हणाल्या. "या शहरात आजवर तडजोडी खूप झाल्या. पण तडजोडीत स्वतःचं पोट पुढे करणारा नागरिक मी पहिल्यांदा बघतेय. वस्ताद, कृपा करून उभे राहा."

वस्तादने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळाचा आणि केस कापण्याचा काही संबंध असेल असं वाटेना.

"आपल्या भागात दुसरा वस्ताद कधी आला?" त्याने विचारलं. धंद्यात स्पर्धा आली की काय, ही त्याची पहिली काळजी होती.

"उभे राहा," बाई हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. "वस्ताद, तुम्हीच आहात ते."

त्याच वेळी शिपायाने व्यासपीठावरच्या मोठ्या टेबलावरचं कापड ओढलं आणि खालून नवं संकुल बाहेर आलं. थर्माकोलचे पाच पांढरे मनोरे, वरचे मजले तडजोडीत कापलेले. मधे सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं मैदान. मैदानाच्या कडेला वस्तादची गल्ली आणि गल्लीच्या टोकाला झाड. भांडी घासायच्या हिरव्या स्पंजचं होतं, पण ऐटीत उभं होतं. झाडाच्या एका बाजूला वर्षानुवर्षं बंद पडलेलं पंपघर होतं. त्याला नवं छप्पर घातलं होतं, भोवती बाग केली होती, दारात दोन बाकंही मांडली होती. आणि दुसऱ्या बाजूला, जिथे वस्तादचं सलून असायला हवं होतं, तिथून एक गुळगुळीत राखाडी रस्ता थेट मनोऱ्यांकडे निघाला होता. बरोब्बर त्याच्या खुर्चीच्या जागी खेळण्यातली एक लाल मोटार उभी होती. तिचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

वस्ताद उभा राहिला तो लोकांनी बकोटीला धरून उभा केला म्हणून. कुणीतरी हातात फुलांचा गुच्छ कोंबला, कुणीतरी माइक पुढे केला. "दोन शब्द," महापौरबाई म्हणाल्या.

दिवसभर अखंड बोलणारा माणूस. राजकारण, दातदुखी, लग्नं, हवामान. कुठल्याही विषयावर साबणाचा फेस वाळेपर्यंत बोलू शकणारा. आज त्याने तोंड उघडलं आणि आत काहीच सापडेना. शेवटी जिभेला सगळ्यात जास्त सवयीचा असलेला शब्द एकटाच बाहेर पडला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मानेवरचा टॉवेल झटकल्यावर तो जो म्हणायचा, तो.

"पुढचा," वस्ताद म्हणाला.

मग पहिल्यापेक्षा दुप्पट टाळ्या.

"बघा!" महापौरबाई गहिवरून म्हणाल्या. "स्वतःचं कौतुकही नको त्यांना. पुढचा विषय घ्या म्हणतात!"

संकुल सगळ्या तडजोडींसकट एकमताने मंजूर झालं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. तो विषय गटारांच्या झाकणांचा होता.

*

हे झालं कसं, ते सांगायचं तर आधी वस्तादच्या सलूनमध्ये बसायची पद्धत सांगावी लागेल.

दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. तिची एक भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत आरशाची होती. हा आरसा समोरच्या काचेच्या कारखान्यात एका बड्या हॉटेलच्या नाचघरासाठी बनवला होता, पण एका कोपऱ्यात काचेला लाट राहिली म्हणून परत आला. वस्तादचे वडील कारखान्याच्या फाटकाशी कामगारांचे केस कापायचे. कारखान्याच्या मॅनेजरने तो आरसा त्यांना देऊन टाकला, आणि वडिलांनी आधी आरसा उभा करून मग त्याच्याभोवती दुकान बांधलं. लाटेच्या कोपऱ्यात बसलं की माणसाचे कान सुपाएवढे दिसायचे. तरीही ती जागा कधी रिकामी नसायची. आपले कान मोठे झालेले बघायला लोकांना काय आवडतं कोण जाणे.

आरशासमोर खुर्ची आणि मागच्या भिंतीला लागून गिऱ्हाइकांचं लांब बाकडं. म्हणजे दुकानात आलेला जो तो आरशाकडे तोंड करून बसणार. त्यामुळे इथे एकमेकांकडे बघून बोलायची रीतच नव्हती. सगळे आरशातल्या एकमेकांशी बोलत. भांडणही आरशाकडे बोट रोखून व्हायचं. दूधवाला आणि त्याचा धाकटा भाऊ वाटणीवरून एकमेकांशी बोलत नसत, पण या दुकानात शेजारी शेजारी बसून आरशातून तासभर गप्पा मारत. आरशातलं बोलणं बोलण्यात धरायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

पुढे कारखाना बंद पडला, त्याची जमीन विकली गेली आणि तिथे टोलेजंग संकुल उभं राहणार अशी बातमी आली. मूळ आराखड्यात मनोरे इतके उंच होते की गल्लीत दुपारीच संध्याकाळ झाली असती. मैदान त्यात गडप होत होतं. आणि संकुलात जाणारा रस्ता गल्लीतून, अगदी झाडाच्या बुंध्यातून काढला होता.

गल्ली खवळली. झाड कसलं ते कुणालाच माहीत नव्हतं. तिघांनी तीन नावं सांगितली होती, म्हणून घोषणेत नुसतंच "झाड" असायचं. पण गल्लीतल्या प्रत्येकाने त्याच्याखाली कधी ना कधी सायकलवरून आपटून घेतलं होतं. त्या नात्यापुढे नाव कशाला लागतं?

समिती झाली. समितीला बसायला जागा हवी होती आणि पंखा फक्त सलूनमध्ये चालायचा. निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई अध्यक्ष झाल्या, म्हणून त्या खुर्चीत बसल्या. ही खुर्ची पायाच्या दांड्यावर वरखाली व्हायची. बाईंचा मुद्दा बिनतोड निघाला की वस्ताद आदराने दांडा दाबायचा आणि अध्यक्ष सगळ्यांसमोर चार बोटं वर जायच्या. एकदा त्या इतक्या मुद्देसूद बोलल्या की डोकं दिव्याला लागलं.

नकाशा चिकटवला होता बाकड्याच्या वर, मागच्या भिंतीवर. समोर सगळा आरसाच होता, दुसरी जागा कुठे होती? नकाशा म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. त्यातली अक्षरं मुंग्या चिरडल्यासारखी दिसत होती, सुलटी की उलटी ते कुणालाच कळलं नसतं. मान मोडून मागे कोण बघणार? सगळ्यांनी तो बघितला आरशात.

बाईंनी कंगव्याने आरशावर टकटक केलं होतं. "हा गोल म्हणजे झाड. उजवीकडचा चौकोन म्हणजे हे दुकान. डावीकडचा चौकोन पंपघर. बरोबर?"

"बरोब्बर," गल्लीचा पोस्टमन आरशातून म्हणाला होता. "गल्लीत शिरलं की अस्संच दिसतं. मी रोज येतो ना. उजव्या हाताला दुकान, डाव्या हाताला पंपघर."

"मग सोपं आहे," वस्ताद म्हणाला होता. "झाड तोडता कशाला? रस्ता जरा डावीकडे सरकवा आणि ते पंपघर पाडा! नाहीतरी कुणाच्या कामाचं आहे?"

खुर्चीतल्या बाईंना हा मुद्दा इतका पटला की त्यांनी स्वतःच खाली हात घालून दांडा दाबला.

नकाशा काढणाऱ्याने मात्र गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून नकाशा काढला होता. सुलटा धरला तर त्यात दुकान डावीकडे होतं आणि पंपघर उजवीकडे. तो सुलटा पाहणारं सगळ्या समितीत एकच होतं. दुकानातलं मांजर. ते आरशाखालच्या फळीवर, फवाऱ्याच्या बाटलीशेजारी, नकाशाकडे तोंड करून बसलेलं असायचं. पण त्याला मताधिकार नव्हता.

नंतर नगरपालिकेत तडजोडीची बैठक झाली. बिल्डरची माणसं मजले कमी करायला कुरकुरत तयार झाली, मैदान सोडायला त्याहून जास्त कुरकुरत. रस्त्याची गोष्ट आली तेव्हा नगरपालिकेच्या तरुण इंजिनिअरने नकाशावर नजर टाकली आणि तो चपापला.

"नक्की डावीकडून?" त्याने विचारलं होतं.

"डावीकडूनच," वस्तादने टेबलावर मूठ आपटली होती.

"नाही, म्हणजे... नक्की?"

"डावीकडून! नाहीतर सगळी गल्ली झाडाला मिठी मारून बसेल."

"घरी बोललात का वस्ताद?" इंजिनिअरचा आवाज हळू झाला होता. "घाई नाही. विचार करून सांगा. नक्की डावीकडून?"

"घरी काय बोलायचं त्यात? पडूनच आहे ते. भिंतींना ओल आलीय, उंदीर झालेत. खुशाल पाडा! उलट सुटलो म्हणू."

इंजिनिअरने तेव्हा खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. वस्तादला वाटलं, पोराला सर्दी झालीय.

*

सभागृहाबाहेरच्या बोळात वस्ताद, बाई आणि पोस्टमन असे तिघं भिंतीला पाठ लावून उभे होते. आपण कुठे उभे आहोत याची खात्री करून घ्यायला पाठीला काहीतरी लागत होतं. वस्तादच्या हातातल्या गुच्छातून पाणी ठिबकून त्याच्या बुटात जात होतं. त्याला ते जाणवत नव्हतं.

"आरसा," बाई म्हणाल्या.

"काय?" पोस्टमन म्हणाला.

"आपण नकाशा आरशात पाहिला. आणि तिथलं डावं इथे येऊन सांगितलं." बाईंनी डोळे मिटले. "गणित नाही, भूमिती नाही. पहिलीतल्या पोराला कळतं हे."

पोस्टमनने आपला उजवा हात वर केला, त्याच्याकडे पाहिलं, मग डावा वर केला. दोन्ही खाली केले. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, आणि मग, "नको. मी काहीच म्हणत नाही."

तेवढ्यात इंजिनिअर लगबगीने आला आणि त्याने वस्तादचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्हाला सांगू? मी ही नोकरी सोडणार होतो. रोज भांडणं, रोज शिव्या. तुमच्यामुळे राहिलो."

"उंदीर," वस्ताद कसाबसा म्हणाला. "ते उंदीर पंपघरात आहेत."

"छे, छे! मी स्वतः आत जाऊन बघून आलो. फार भक्कम बांधकाम आहे. एक उंदीर नाही." इंजिनिअर हसला. "तुम्ही काळजीच करू नका. ते आम्ही जपणार."

बाईंनी घसा साफ केला. "एक तात्त्विक प्रश्न होता," त्या म्हणाल्या. "समजा, उद्या कुणी या तडजोडीतल्या एखाद्या गोष्टीला हरकत घेतली. म्हणजे कुणीही. तर?"

"हरकत घेता येते, अजून मुदत आहे. पण तसं झालं तर तडजोड मोडते. ती अख्खी एकत्रच मंजूर झालीय ना. मग बिल्डरचा मूळ आराखडा आपोआप परत येतो."

"म्हणजे झाड?"

"झाड जाणार. मैदान जाणार. मजले परत चढणार." इंजिनिअरचा चेहरा पडला. "का? कुणी हरकत घेणार आहे का?"

तिघंही एकमेकांकडे पाहायचं टाळू लागले. समोर आरसा असता तर निदान तिथे पाहता आलं असतं.

"वस्ताद," इंजिनिअर गेल्यावर बाई म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणा. मी आत्ता आत जाते आणि सांगते की अध्यक्षाला डावं-उजवं कळत नाही. हसतील ते मला. हसू देत."

वस्तादने तोंड उघडलं. पण बाहेरच्या दारातून गल्लीतली माणसं आत घुसली आणि वस्तादला खांद्यावर घेतलं गेलं. वरून त्याला सगळ्यांच्या डोक्यांचे शेंडे दिसले. यातली बहुतेक डोकी त्याच्याच हातची होती. एकाच्या मानेवर मागच्या आठवड्यात जरा वाकडी राहिलेली रेघ त्याला तिथूनही दिसली आणि त्याही अवस्थेत खटकली.

"वस्ताद," टक्कल पडलेला बेकरीवाला खालून ओरडला, "मी कधी तुझं गिऱ्हाईक झालो नाही रे! पण आज वाटतंय, केस असायला हवे होते!"

*

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत वस्तादची बायको टॉवेलांच्या घड्या घालत होती. ती आरशाकडे तोंड करून उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. गल्लीत बातमी माणसाच्या पुढे चालते, आणि ही तर धावत आली होती.

"या," ती आरशातून म्हणाली. "या, दानशूर."

वस्ताद वाकून आत आला आणि बाकड्यावर बसला. गुच्छ मांडीवर ठेवला. बाईंची अध्यक्षीय खुर्ची रिकामी होती, पण तिच्यात बसायचा त्याला धीर होईना. वर बसलं की खाली त्या लाल मोटारीचा टप लागेल, असं काहीतरी वाटत होतं.

"मला विचारलंत?" तिने पुढचा टॉवेल झटकला. "साधा पंखा बदलायचा तर चार दिवस विचारता. दुकान देताना नाही विचारावंसं वाटलं?"

"अगं..."

"तुमच्या वडिलांचं दुकान. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिलं इथे आणलं होतं तुम्ही. त्या लाटेच्या कोपऱ्यात बसवलंत आणि म्हणालात, कान बघ किती सुंदर दिसतात. ते दुकान! झाडासाठी! नाव तरी माहितीय त्या झाडाचं?"

वस्तादसमोर दोन वाटा होत्या. एक म्हणजे गप्प बसायचं. मग तो जन्मभर एक निर्दयी, पण थोर माणूस म्हणून तिच्यासोबत राहिला असता. दुसरी वाट सोपी होती, पण तिच्यावरून चालताना माणूस गाढवासारखा दिसतो.

"मी दिलं नाही," तो म्हणाला.

"काय?"

"मी दुकान दिलंच नाही. चुकून गेलं." आणि त्याने सगळं सांगितलं. झाड, चौकोन, कंगवा, डावीकडे. सांगताना तो आरशातल्या तिच्याकडे बघत होता. अर्ध्यावर आल्यावर आरशातला तिचा चेहरा नाहीसा झाला. ती वळली होती. या दुकानात ते दोघं समोरासमोर बोलत होते, हे पहिल्यांदाच. तिची खरी बाजू त्याला जरा अनोळखी वाटली. भुवईवरचा तीळ इकडचा तिकडे गेला होता.

ती बाकड्यावर चढली, भिंतीवरच्या नकाशासमोर उभी राहिली. मग मान वळवून आरशात पाहिलं. परत नकाशा. परत आरसा. फळीवरच्या मांजराने जांभई दिली.

"अरे देवा," ती म्हणाली आणि बाकड्यावरच मटकन बसली. बाहेर मैदानात आरडाओरडा चालला होता. एक चेंडू येऊन शटरवर धाडकन आपटला आणि कुणीतरी "सॉरी वस्ताद!" म्हणून ओरडलं. आवाजात नेहमीपेक्षा जास्त आदर होता.

"मग उद्या जाऊन सांगा ना. चुकलं म्हणावं."

"सांगितलं तर झाड जातं. मैदान जातं. सगळं."

"आणि नाही सांगितलं तर आपण जातो."

"हो."

"दुसरी जागा देणार आहेत?"

"संकुल बांधून झाल्यावर. गाड्या लावतात तिथे तळघरात. कोपरा."

ती गुच्छातली एक पाकळी काढून बोटांत चुरगाळत राहिली. "तिथे सभेत उभे होतात तेव्हा सांगता आलं असतं?"

"आलं असतं. सगळे गप्प होते. माझंच ऐकत होते."

"मग काय बोललात?"

"पुढचा."

"काय?"

"मी म्हटलं, पुढचा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग तिला हसू फुटलं. ते आवरायला तिने टॉवेल तोंडावर धरला. खांदे हलत राहिले. नंतर नंतर ते हसण्याने हलताहेत की आणखी कशाने, ते कळेना. वस्तादने विचारलंही नाही. टॉवेल खाली आला तेव्हा चेहरा कोरडा होता आणि टॉवेल ओला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या बाई दारात हजर होत्या. परीक्षेला निघाल्यासारखी इस्त्रीची साडी, हातात छत्री. रात्रभर झोपल्या नव्हत्या. "चला," त्या म्हणाल्या. "मी काय बोलायचं ते पाठ केलंय."

वस्ताद वस्तरा पुसत होता. त्याने बायकोकडे पाहिलं.

"कुठे जायचं, बाई?" बायको म्हणाली.

"नगरपालिकेत. चूक दुरुस्त करायला."

"कसली चूक?" तिने टॉवेलांची चळत फळीवर ठेवली, मांजर जरा बाजूला सारलं. "आम्ही दुकान दिलंय. दिलेलं परत कसं मागायचं?"

बाई बघतच राहिल्या. वस्तादही. मग ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ती आरशाची भानगड कुणाला कळता कामा नये हं, बाई. दुकान तर जायचंच आहे. निदान दिलं म्हणून जाऊ दे."

बाई पुढे होऊन खुर्चीत बसल्या. वस्तादने दांडा दाबला, आणि बाई डोळे पुसत चार बोटं वर गेल्या.

*

आरसा दारातून बाहेर निघणं शक्यच नव्हतं. त्यामुळे सगळं सामान गेल्यावरही तो शेवटपर्यंत आत राहिला, आणि समोरची भिंत पाडल्यावर आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यात आभाळ आलं. मजुरांनी क्षणभर काम थांबवलं. आपण असे दिसतो हे त्यांना माहीत नव्हतं.

बाहेर काढायला गल्ली लोटली. एका टोकाला दूधवाला होता, दुसऱ्या टोकाला त्याचा धाकटा भाऊ.

"तुझ्याकडून उचल जरा," दूधवाला आरशाकडे बघत म्हणाला.

"उचललंय. तुझंच खाली आहे," भाऊ आरशाकडे बघत म्हणाला.

झाडासमोरच्या बेकरीच्या भिंतीला त्यांनी आरसा टेकवला. हात मोकळे झाले, तरी दोघं तिथेच घुटमळत उभे राहिले. उद्यापासून कुठे बोलायचं, हा प्रश्न दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होता. विचारणार कोण?

खुर्ची शेवटी निघाली. ती कुठे ठेवायची ते न सुचून लोकांनी झाडाखाली आरशासमोर ठेवली. तेवढ्यात तरुण इंजिनिअर आला. पिवळी टोपी काखेत होती, दाढी वाढलेली होती. "वस्ताद," तो अवघडून म्हणाला, "आज शेवटचा... म्हणजे, करता का? मला इथे एकदा बसायचं होतं."

"बसा ना."

वस्तादने त्याच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, फेस केला, गालावर लावला. पानांच्या सावल्या फेसावर हलत होत्या. वस्तादचा हात अजिबात हलत नव्हता. मग त्याने वस्तरा उघडला.

इंजिनिअर आरशात बघत होता. आरशात तो स्वतः होता, वस्ताद होता, त्यांच्या पाठीमागे झाड. झाडाच्या उजवीकडे नवं छप्पर घातलेलं पंपघर. डावीकडे विटांचा ढिगारा, आणि त्या ढिगाऱ्यातून रस्त्यासाठी मारलेली पांढऱ्या फक्कीची लांबच लांब रेघ.

डावीकडे.

इंजिनिअरने मान वळवून मागे पाहिलं. रेघ उजवीकडे होती. परत आरशात पाहिलं. गालावरच्या फेसाखाली त्याचा रंग उडाला. त्याची नजर दुकान होतं तिथे गेली. आता भिंत नव्हती, बाकडं नव्हतं. विटांच्या ढिगाऱ्यात कुठेतरी झेरॉक्सचा एक कोपरा वाऱ्यावर फडफडत होता.

"वस्ताद," तो म्हणाला. "नकाशा तुम्ही... कुठे लावला होता?"

वस्तादने दोन बोटांनी त्याची हनुवटी हलकेच धरली आणि चेहरा परत समोर वळवला.

"मान सरळ ठेवा," तो म्हणाला. "कापेल."

मग आरशातल्या रेघेवरची नजर काढून तो गालाकडे वळला आणि डाव्या बाजूने सुरुवात केली.